राळ्याची पेज

चीनला जाऊन आलो असे सांगितले की आमच्या जोगेश्वरीत दोन प्रश्न ठरलेले. पहिला मोठ्याने विचारतात : "तिकडे खाल्लेत काय?" दुसरा आवाज उतरवून : "पण गेलात कशाला?" पहिल्याचे उत्तर ऐकायला चाळीच्या गॅलरीत माणसे खुर्च्या ओढून बसतात. दुसऱ्याचे उत्तर सुरू केले की कोणाला तरी नळाची वेळ आठवते. म्हणून म्हटले, दिवाळी अंकाच्या निमित्ताने दोन्ही उत्तरे एकदाच कागदावर उतरवून ठेवावीत. तशी ती एकच आहेत. कशी, ते पुढे कळेलच.

चिनी खाण्याशी आमची ओळख जुनी आहे, असा जोगेश्वरीकरांचा समज आहे. संध्याकाळी स्टेशनाबाहेर पडले की लाल रंगाच्या गाड्या ओळीने उभ्या दिसतात. पाटीवर जीभ काढलेला ड्रॅगन, कढईखाली भडकलेला जाळ, आणि शेजवान नावाच्या त्या लालभडक चटणीचा ठसका थेट जिन्यापर्यंत आलेला. कोबी चिरणारा पोरगा नेपाळचा नाहीतर मालवणचा. त्याच्या 'चायनीज भेळे'ला चीनमध्ये कोणी ओळखणार नाही, आणि मंचुरियन हा पदार्थ तर मुंबईतच १९७५ च्या सुमारास जन्माला आला असे सांगतात. असो. आमच्या घरात चीन त्याच्याही आधी येऊन बसला होता. एक होती लोणच्याची चिनीमातीची बरणी, आणि दुसरे होते डॉक्टर कोटणीस.

माझी आई सोलापूरची. भैय्या चौकाच्या बाजूला तिचे बालपण गेले, आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे 'आपल्या गावचे' ही गोष्ट तिने आम्हा भावंडांना ग्रामदैवताच्या गोष्टीसारखी सांगितली. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' तिने लहानपणी पाहिला होता. चित्रपटातले काय आणि खरे काय, याची गल्लत ती अजून करते. पण मूळ गोष्ट तिला पक्की ठाऊक आहे. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ चे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू. त्यांनी पाच डॉक्टरांचे पथक उभे केले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आमच्या सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबई बंदरातून निघाले. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. पाचांपैकी चार परत आले.

माझा लहानपणापासूनचा एक मित्र, आमच्याच चाळीतला, यंत्रसामग्रीच्या एका कंपनीतर्फे बीजिंगला राहत होता. "अरे, एकदा येऊन तर जा," असे तो दर दिवाळीला फोनवर म्हणायचा. २०१९ च्या मे महिन्याच्या सुट्टीत शेवटी मी गेलो. निघताना आईने सोलापुरी शेंगाचटणीचे दोन पुडे पिशवीत घातले आणि म्हणाली, "कोटणिसांच्या समाधीला माझा नमस्कार सांग. राजवाडे काय, फोटोतही दिसतात."

ती समाधी बीजिंगपासून दोनशे ऐंशी किलोमीटरवर शिजियाझुआंग या शहरात आहे. योगायोग असा, की मित्राच्या कचेरीतला एक तरुण चिनी सहकारी त्याच गावचा निघाला. "समाधी पाहायला एकटे कशाला जाता? माझ्या घरी चला," असा त्याने आग्रह धरला. त्याप्रमाणे शनिवारी सकाळी मी, माझा मित्र, वहिनी आणि तो, असे चौघे बीजिंगच्या पश्चिम स्टेशनावर हजर झालो.

ज्याच्या स्टेशनावर फास्ट लोकल थांबत नाही अशा माणसाला ताशी तीनशे किलोमीटरच्या गाडीत बसवणे म्हणजे थोडी क्रूर थट्टाच आहे. फलाटावर धक्काबुक्की नाही, दारात लोंबकळणे नाही. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ, आणि जो तो आपली चहाची बाटली घेऊन त्याच्याकडे निघालेला. पाण्यात पत्ती टाकायची आणि दिवसभर त्यावरच पाणी ओतत राहायचे, हा त्यांचा चहा. दूध नाही, साखर नाही. वहिनींनी थर्मासातून आपला आल्याचा चहा काढला तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी वास घेऊन आधी भुवया उंचावल्या आणि मग रिकामा पेला पुढे केला. भाषेवाचून झालेली ही प्रवासातली पहिली ओळख.

खिडकीबाहेर हबेइ प्रांताचे सपाट मैदान होते. पिवळसर होऊ लागलेला गहू, बांधावर पॉप्लरच्या सरळसोट रांगा, आणि त्या झाडांची पांढरी म्हातारी हवेत सर्वत्र उडत होती. सावरीचा कापूस उडावा तशी. मधूनच एखादे गाव सर्रकन मागे जाई. सव्वा तासात गाडी शहराखालच्या बोगद्यात शिरली आणि शिजियाझुआंग आले.

'झुआंग' म्हणजे खेडे. शि नावाच्या घराण्याचे खेडे. आपल्याकडे पाटीलवाडी असते तसे. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे खरोखरच एक लहानसे खेडे होते. १९०६ साली बीजिंग–हानकौ रेल्वे पुरी झाली, पुढच्या वर्षी पश्चिमेकडून तायुआनचा फाटा येऊन मिळाला, आणि खेड्याचे जंक्शन झाले. आमच्या भुसावळ-मनमाडची हीच कहाणी आहे. पुढे जंक्शनाचे शहर झाले, शहरात कापडाच्या गिरण्या आल्या, औषधांचे कारखाने आले, आणि आता ते हबेइ प्रांताची राजधानी आहे. गिरण्यांच्या सोलापूरचा मुलगा गिरण्यांच्याच गावात विसावला आहे, हे कळल्यावर मला ते शहर थोडे ओळखीचे वाटू लागले.

पण ज्या रेल्वेच्या कृपेने मी सव्वा तासात आलो, तीच रेल्वे कोटणिसांच्या काळी भिंत होती. जपान्यांनी रेल्वेमार्ग ताब्यात घेऊन त्यांच्या कडेने खंदक खणले होते, बुरूज बांधले होते. चिनी गनिमांना आणि त्यांच्या डॉक्टरांना या बाजूहून त्या बाजूला जायचे तर काळोख्या रात्री, दबकत, रूळ ओलांडावे लागत. पलीकडे डोंगर, डोंगरातल्या खेड्यांत इस्पितळे. इस्पितळ म्हणजे कोणाचे तरी मातीचे घर, किंवा देऊळ. शस्त्रक्रियेचे टेबल म्हणजे दोन बाकांवर टाकलेले दार. शत्रू आला की इस्पितळ पाठीवर घेऊन पुढच्या गावी जायचे. नॉर्मन बेथून नावाचे कॅनडाचे एक शस्त्रवैद्य याच डोंगरांत काम करता करता १९३९ साली बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन वारले. त्यांच्या नावाने जे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय उभे राहिले, त्याचे पहिले प्रमुख म्हणून १९४१ च्या जानेवारीत कोटणीस नेमले गेले. तोवर ते चिनी भाषा बोलू लागले होते आणि लिहूही लागले होते.

दोघांच्या समाध्या आज एकाच उद्यानात आहेत. शहराच्या मधोमध वीरगती मिळालेल्यांचे ते विस्तीर्ण स्मारक. देवदार-सुरूच्या जातीची उंच झाडे, रुंद फरसबंद वाटा, आणि सकाळच्या वेळी व्यायाम करणारी म्हातारी माणसे. कोटणिसांची समाधी आधी तांग परगण्यातल्या खेड्यात होती. १९५३ साली ती इथे आणली. समाधीपाशी त्यांचा पुतळा आहे, आणि पथकाची हकीकत सांगणारे दालन आहे. दालनातल्या छायाचित्रात पाचही डॉक्टर उभे आहेत. चीनमध्ये आल्यावर पाचांनीही आपल्या नावांना 'हुआ' हे अक्षर जोडून घेतले; हुआ म्हणजे चीन. कोटणिसांचे झाले के दिहुआ. तिथे त्यांना याच नावाने ओळखतात.

मी आईच्या वतीने वाकून नमस्कार केला. चप्पल काढून ठेवलेली पाहून शेजारी व्यायाम करणारे एक गृहस्थ थांबले. मित्राने त्यांना सांगितले की हे त्यांच्या गावचे. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी बराच वेळ हलवला आणि पुन्हा आपल्या व्यायामाला लागले.

दालनात मला सर्वांत अस्वस्थ केले ते एका नावाने. १९४१ च्या नोव्हेंबरात कोटणिसांनी गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. १९४२ च्या ऑगस्टात त्यांना मुलगा झाला. सेनापती निए रोंगझेन यांनी बाळाचे नाव सुचवले : इन्हुआ. 'इन्' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस त्याच वर्षी, ९ डिसेंबरला, बत्तिसाव्या वर्षी गेले. मूल साडेतीन महिन्यांचे होते.

मी मनातल्या मनात हिशेब केला. शाळामास्तराची सवय. १९६२ च्या ऑक्टोबरात हिमालयात दोन्ही देशांच्या तोफा धडाडल्या तेव्हा इन्हुआ वीस वर्षांचा होता. वीस वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या नावातले दोन शब्द एकमेकांवर बंदुका रोखून उभे. त्या दिवसांत त्याला कोणी हाक मारली असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल? बापासारखाच डॉक्टर व्हायचे म्हणून तो वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ साली, शिक्षण पुरे व्हायच्या आतच, तोही गेला. त्याची आई मात्र दीर्घायुषी ठरली. ती भारतात अनेकदा येऊन गेली आणि २०१२ साली वारली. त्याच वर्षाच्या आरंभी सोलापुरात कोटणिसांचे राहते घर स्मारक म्हणून खुले झाले होते. वहिनी म्हणाल्या, "भावजी, चला आता बाहेर." बाहेर आलो तर ती पांढरी म्हातारी अजून उडतच होती.

त्या रात्री आमच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर.

उपाहारगृहातली स्वतंत्र खोली, मोठे गोल टेबल, त्यावर फिरणारी काचेची चकती. दाराकडे तोंड करून यजमान बसतो आणि पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. बसण्यावरून इतकी 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' झाली की मला सोलापूरच्या मामांच्या घरची पंगत आठवली. यजमानांचे आईवडील, आजोबा, एक काका, काकू अशी सारी मंडळी होती. पदार्थ येत राहिले आणि चकती फिरत राहिली : कमळाच्या देठाच्या जाळीदार चकत्या, लसणात परतलेली वांगी, टोमॅटो घातलेली अंडी, मसाल्यात हाडापर्यंत शिजवलेली तिथली प्रसिद्ध कोंबडी, आणि आख्खा मासा, ज्याचे तोंड मानाच्या पाहुण्याकडे वळवून ठेवतात. मासा माझ्याकडे रोखून पाहत होता आणि मी त्याच्याकडे. मडक्यासारख्या भट्टीच्या आतल्या अंगाला चिकटवून भाजलेली, तीळ लावलेली एक खुसखुशीत भाकरी आली. ती मी तीनदा मागून घेतली. मग एका पावासारख्या पदार्थात भरलेले मांस आले. मित्र कानाशी म्हणाला, "हे गाढवाचे. या प्रांताची खासियत आहे. आकाशात ड्रॅगनचे मांस आणि जमिनीवर गाढवाचे, असे म्हणतात हे लोक." वर्गात ज्या प्राण्याचे नाव मी दिवसातून चार वेळा तरी घेतो, तो ताटात पाहून मला कसेसेच झाले. मी नम्रपणे हात जोडले. कोणी वाईट मानले नाही.

भात सर्वांत शेवटी येतो, पोट भरले नसेल तर म्हणून. गोड जवळजवळ नाहीच. मात्र दर थोड्या वेळाने कोणीतरी उभे राहून 'गान्बेइ' म्हणते आणि ज्वारीपासून काढलेल्या जळजळीत मद्याचा इवलासा पेला रिकामा करते. मी चहाने साथ दिली. भारत-चीन मैत्रीसाठी दोन पेले झाले, शाळामास्तरांसाठी एक, बॉलिवूडसाठी तीन. थाट मोठा होता, हसणे मोकळे होते. पण सगळे कसे समारंभातले होते. कोटणिसांचे नाव भाषणात आले, आणि भाषणातले नाव टाळ्यांबरोबर संपते. आजोबा मात्र काही बोलले नाहीत. ते माझ्या ताटलीत मुकाट्याने भाजी वाढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांच्या घरी न्याहारीला गेलो. गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीतले तिसऱ्या मजल्यावरचे घर. आजोबा कापडगिरणीतून निवृत्त झालेले, वय त्र्याऐंशी. स्वयंपाकघरात यजमानांची आई. "यांना 'आयी' म्हणा," मित्राने सांगितले. आयी म्हणजे मावशी-काकूच्या वयाची बाई. मी "आयी" अशी हाक मारली आणि माझाच आवाज मला घरातल्यासारखा वाटला.

आयींनी वाफवलेले पांढरे पाव ठेवले, खारवलेल्या मुळ्याच्या फोडी ठेवल्या, आणि प्रत्येकापुढे एक वाडगा. वाडग्यात पिवळीधमक पातळ पेज. मी एक घोट घेतला आणि थांबलो. चव ओळखीची होती. कच्चा दाणा पाहायला मागितला. आयींनी डबा उघडून मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

राळे! आईच्या माहेरी भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि राळ्याचा भात होतो. पूर्वी सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतात राळे सर्रास पिके. आता भोगीपुरते पावशेर आणले जातात. मित्राने चिनी नाव सांगितले : शाओमी. म्हणजे बारका तांदूळ. त्या नावाचा फोन माझ्या खिशात होता, आणि त्याचा अर्थ राळे असा होतो हे मला तोवर ठाऊक नव्हते!

मी हे सांगितले आणि आजोबा प्रथमच बोलू लागले. ते तांग परगण्यातल्या डोंगरी खेड्यातले. १९४२ साली सहा वर्षांचे होते. ते म्हणाले, "तेव्हा आमच्याकडे हेच होते. हेही नव्हते कधीकधी. जपानी येत आणि कणगी जाळून जात. त्यात पाऊस नाही. लोक काळे हरभऱ्यासारखे दाणे उकडून खात. ते गुरांचे खाणे. मग झाडांचा पाला खाऊ लागले. सैन्यालाही पालाच. तेव्हा सेनापतींचा हुकूम निघाला की गावाजवळच्या झाडांचा पाला सैनिकांनी तोडायचा नाही, तो गावकऱ्यांसाठी. के डायफू त्याच सैन्यात होते." डायफू म्हणजे डॉक्टर. "त्यांना वेगळे काही मिळत नव्हते. मी त्यांना पाहिले नाही. माझ्या आईने पाहिले होते. ती त्यांना काळी आई म्हणे. तेव्हा बरेच लोक म्हणत."

रात्रीच्या मेजवानीतले सतरा-अठरा पदार्थ माझ्या डोळ्यांपुढून गेले. सोलापूरच्या घरी भोगीला हौसेने केला जाणारा भात, आणि पाला खायची वेळ येऊ नये म्हणून पुरवून प्यायलेली पेज. दाणा एकच. तो वाडगा हातात आला तेव्हा त्या माणसाला आपल्या आईची भोगी आठवली असेल का? की भूकच इतकी असेल की आठवण यायला सवड नव्हती?

मी आईने दिलेला चटणीचा पुडा सोडला. आजोबांनी पावाचा तुकडा मोडून चटणीत बुडवला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ले. आयी "पुरे" म्हणत होत्या. ते ऐकत नव्हते. शेंगदाणे त्यांच्याकडेही पिकतात. त्यांचे असे काही करता येते, याचे त्यांना नवल वाटले. वहिनींनी कृती सांगितली, मित्राने भाषांतर केले, आयींनी वहीत उतरून घेतली. उखळाला चिनी शब्द शोधताना पाच मिनिटे गेली.

मग मला राहवले नाही. मी बासष्टचा विषय काढला. मित्राने माझ्याकडे रोखून पाहिले; पण भाषांतर केले. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. "त्या वर्षी मी गिरणीत होतो," ते म्हणाले. "त्याच्या आधीची तीन वर्षे आमच्याकडे उपासमारीची गेली होती. लढाई कुठे चालली आहे ते आम्हाला नकाशातही दाखवता आले नसते. ते मोठ्यांचे काम." आणि त्यांनीच मला विचारले, "त्यांच्या घरची माणसे तुमच्याकडे आहेत ना? त्यांना इकडून कोणी भेटायला जाते का?"

मी सांगितले, जातात. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटण्याचा प्रघात आहे. २००६ साली तुमचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ मुंबईत त्यांच्या बहिणींना भेटले.

"मोठी माणसे फुले घेऊन जातात," आजोबा म्हणाले. "जेवायला कोणी जाते का?"

याला मी काय उत्तर देणार? पण तुम्ही विचारता ना, गेलात कशाला. त्याचे उत्तर मला त्या टेबलाशी मिळाले. आपल्यातला एक माणूस त्या मुलखात लोकांबरोबर उपाशी राहिला आणि त्यांच्याबरोबर जेवला. त्याच्या माघारी आपल्यापैकी कोणीतरी जाऊन त्या पंगतीला बसायला हवे होते. फुले वाहणे सरकारांना जमते. सरकारे रुसली की फुले थांबतात, हे आपण दोनदा-तीनदा पाहिले आहे. जेवायला बसणे हे तुमचे-माझे काम आहे.

निघताना आजोबांनी कापडी पिशवीत बांधलेले राळे माझ्या हातात दिले. "तुमच्या आईला द्या. त्यांच्या गावची आहे ना ती."

आईने पिशवी आधी देवापुढे ठेवली. अर्धे राळे २०२० च्या भोगीला शिजवले. मग महामारी आली, आणि जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान कामी आले. त्या वीस घरांवर काय कोसळले असेल, याची कल्पना करताना राळ्याची गोष्ट कोणाला सांगावीशी वाटेना. चाळीत चिनी मालाची होळी झाली. स्टेशनाबाहेरच्या गाडीवाल्याने पाटीवरचा ड्रॅगन रंगाने पुसून टाकला. पदार्थ तेच राहिले. माझ्या वयाची, शहाणी माणसे मला म्हणू लागली, "पाहिलेत ना, यांच्यात जेवून काय होते ते." त्यांचा राग खोटा नव्हता. मी वाद घातला नाही.

त्याच आठवड्यात मित्राच्या त्या सहकाऱ्याचा चार ओळींचा निरोप आला. आजोबा विचारताहेत, मुंबईत साथ फार आहे असे ऐकतो. तुम्ही सर्व सुखरूप आहात ना? आईची प्रकृती कशी आहे? चटणी आयींनी दोनदा केली. तशी होत नाही. लढाईचा त्यात एक शब्द नव्हता. मीही उत्तरात काढला नाही. आम्ही सुखरूप आहोत, आणि शेंगदाणे मंद आचेवर भाजावेत, एवढेच कळवले.

उरलेले राळे आईने मधून मधून उन्हात घालून जपले होते. २०२१ च्या भोगीला तिने ते शिजवले आणि दरवर्षीप्रमाणे शेजारपाजारच्या चार घरी वाटीवाटीने पाठवले. सगळ्यांनी आवडीने खाल्ले. कुठले म्हणून कोणी विचारले नाही.